बिनकाट्याचा मासा

भुवया कोरायचा चिमटा घेऊन रेवती माशावर ओणवी झाली, तेव्हा मला हसू आवरलं नाही.

"काय गं, बोहल्यावर उभा करायचाय का त्याला?"

"काटे काढतेय, ताई," ती मान वर न करता म्हणाली. तुकडीवरून बोट फिरवायची, कुठे टोचलं की चिमट्यानं उपसायची आणि वाटीत टाकायची. एकदा सगळं झालं तर बाईसाहेबांनी पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवायला सुरुवात केली. भांडी घासणारीसुद्धा एवढं निगुतीनं करत नाही.

मासा होता सॅमन. रेवती, माझी धाकटी बहीण, नवऱ्याबरोबर नॉर्वेला असायची. त्या वर्षी थंडीत ती एकटीच थोड्या दिवसांसाठी आली, आणि येता येता मुंबईतल्या कुठल्याशा बड्या दुकानातून हा मासा बर्फाच्या डब्यात घालून घेऊन आली. अलिबागला बाहेरून मासा आणणं म्हणजे नागपूरला संत्री नेण्यापैकी. पण आईनं डबा मांडीवर घेतला, वरून हात फिरवला आणि म्हणाली, "माझ्यासाठी एवढा उचलून आणलास गं?" मी गेली कित्येक वर्षं बाजाराची पिशवी उचलत होते, तिच्यावरून कुणी हात फिरवला नव्हता.

आई स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या तिच्या वेताच्या खुर्चीत बसली होती.

"दिसतो कसा गं हा?" तिनं विचारलं.

"समोर तर ठेवलाय," मी म्हटलं.

"मी रेवाला विचारतेय."

मग काय, रेवतीनं रंगवून सांगितलं. गाजरासारखा रंग आहे, आई, त्यात पांढऱ्या बारीक रेघा, खाली रुपेरी कातडी. आई कौतुकानं ऐकत राहिली. मी तळलेल्या सुरमईचा रंग तिनं जन्मात विचारला नव्हता.

इथे आमच्या घरातली परिस्थिती सांगायला हवी, नाहीतर मी उगीचच जळकी ठरेन. आम्ही कायस्थ. सोमवार, गुरुवार, शनिवार सोडला तर मासे हाच आमचा धर्म. बाबा गेल्यावर घरात आई आणि मी. माझं लग्न जमलं नाही, पुढे मीही ते जमवायच्या भानगडीत पडले नाही. शाळेत पीटी शिकवायची आणि घरी स्वयंपाक करायचा. बाजार मात्र आईचा. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ती माझ्या दंडाला धरून कोळीवाड्याच्या बाजारात जायची, पार्वती कोळणीच्या पाटीपुढे बसायची, मासा हातात घ्यायची, अंगठ्यानं दाबायची आणि निकाल द्यायची. पार्वतीचीही तिच्यापुढे टाप नव्हती. "आजी, तुमच्या आंगठ्याला फसवनारा मासा अजून पैदा नाय झाला," असं म्हणायची.

तर मासा आई निवडायची, मी करायचे. आणि पावसाळा संपल्यापासून आई तो खात नव्हती.

कालवणाचा रस्सा ओरपायची. भातावर दोन-दोन वाट्या. पण तुकडी ताटात तशीच. तळलेली मुडदुशी तर तिचा जीव की प्राण, ती आधी बोटानं चाचपायची, मग हळूच ताटाच्या कडेला सारायची. "भूक नाही." "आज नको." "पोट जड आहे." मी लसूण वाढवून पाहिला, चिंचेऐवजी आमसूल घातलं, तांदळाच्या पिठीऐवजी रवा लावला. एकदा तर न राहवून विचारलं, "माझ्या हाताची चव गेली का?"

"तुझ्या हाताला काय धाड भरलीय?" आई म्हणाली, आणि तुकडी कडेला सारली.

घरात दोनच माणसं असताना, एकानं रांधायचं आणि दुसऱ्यानं ताटात टाकायचं, हे काय असतं ते ज्यानं रांधलंय त्यालाच विचारा. आईनं माझ्या हातचं पुन्हा पहिल्यासारखं खावं, एवढंच मला हवं होतं. आणि त्यात ही बया चिमटा घेऊन उगवली.

काटे काढून झाल्यावर मी हळदीचा डबा पुढे केला. तिनं हात आडवा धरला.

"हळद नको, ताई. रंग जाईल."

"हळद-मीठ न लावता मासा? वास मारेल तो."

"नाही मारत. मीठ-मिरी पुरे. आमच्याकडे ऑफिसातून आल्यावर वीस मिनिटांत होतो हा. आठवड्यातून एकदा ठरलेला."

वीस मिनिटांत आमच्याकडे मासा धुऊनसुद्धा होत नाही. पण तेवढ्यात आई म्हणाली, "करू दे गं तिला तिच्या पद्धतीनं." मला ती फोडणीत मोहरी किती घालायची तेही सांगायची.

रेवतीनं संत्रं घेतलं आणि बारीक किसणीवर त्याची साल किसायला लागली.

"ती साल आम्ही उटण्यात घालतो," मी म्हटलं.

आईनं नाक वर केलं आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "अगोबाई, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचा वास आला! अजून किस, रेवा."

संत्र्याचा रस, अर्ध्या लिंबाचा रस, मध, ठेचलेला लसूण, असं सगळं तिनं कढल्यात घालून मंद आचेवर ठेवलं. रस आटून पाकासारखा चमच्यावरून ओघळायला लागला तेव्हा त्यात लोण्याचा गोळा टाकला. तव्यावर मासा कातडीच्या बाजूनं ठेवून दिला आणि वरून तो पाक चमच्या-चमच्यानं सोडत राहिली. चरचर आवाज, संत्र्याचा, लसणाचा आणि जळत्या मधाचा वास. वास वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती.

मी दुसऱ्या शेगडीवर कढई चढवली.

"ताई, तू काय करतेस?"

"मुडदुशा. सकाळीच आणल्यात, आईनं निवडून. त्या काय टाकून द्यायच्या?"

"अगं, पण आज..."

"आज बुधवार. आमच्याकडे बुधवारी मासे होतात. तुमच्याकडचं मला माहीत नाही."

रेवती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार होती, पण आईकडे पाहून तिनं तोंड मिटलं. मला वाटलं, चला, जरा वरमली. मी मुडदुशांना वाटण चोळलं, पिठीत घोळवल्या आणि तेलात सोडल्या. दोन बहिणी पाठीला पाठ लावून मासे तळतायत आणि मधे आई खुर्चीत बसून दोन्हीकडचे वास घेतेय. पंगतीला जेवणारी एकच आणि वाढपी दोन, असा सगळा मामला.

रेवती तशी वाईट नव्हती हो. पण तिचं सगळंच लहानपणापासून बिनकाट्याचं. ती पहिलीत असताना एकदा तिच्या घशात काटा अडकला. आईनं केळं भरवलं, कोरड्या भाताचे गोळे गिळायला लावले, काटा उतरला. पण तेव्हापासून आई रोज तिच्या शेजारी बसून तिच्या तुकडीतला काटा नि काटा काढायची, आणि पांढराशुभ्र मासा तिच्या भातावर रचून ठेवायची. हे ती पाचवीत जाईपर्यंत चाललं. मी तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. एकदा मी माझं ताट पुढे सरकवलं होतं. आई म्हणाली, "तू मोठी ना? आणि कुंदे, ऐकून ठेव, ज्याला काटे काढता येत नाहीत त्यानं मासे मागू नयेत." तेव्हापासून मी मुडदुशीचे काटे दातांनी काढायला शिकले. माझ्या ताटाशेजारी काट्यांचा ढीग असायचा आणि तिच्या ताटाशेजारी आई.

टेबलावर पानं घेतली. दिव्याचा उजेड नेहमीसारखाच होता, पण आई म्हणाली, "हा दिवा मेला मिणमिणताच." रेवतीनं तिच्या ताटात सॅमनची तुकडी ठेवली, वर चमचाभर पाक सोडला. आईनं बोटांनी तुकडी दाबली, तिच्या आपोआप पाकळ्या सुटल्या. एक पाकळी तोंडात घातली. मी तिच्या जबड्याकडे बघत होते. मला वाटलं होतं, गोड मासा म्हटल्यावर थुंकेल तरी.

तिनं सगळी तुकडी खाल्ली. एक कण ठेवला नाही. बोटं चाटली, आणि बाहेरून खेळून आलेल्या पोरीसारखं विचारलं, "अजून आहे का गं?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे कशी जाते, ते मला त्या क्षणी कळलं. चार महिने मी एका तुकडीसाठी तिच्या मिनतवाऱ्या करत होते. आणि हळद नाही, तिखट नाही, वाटण नाही, मधात बुडवलेला हा परका मासा ती मागून खात होती! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काय खोटं आहे? रेवतीनं आनंदानं दुसरी तुकडी वाढली. तीही आईनं संपवली.

मग मी उठले, मुडदुशांची थाळी उचलली आणि त्यातल्या दोन आईच्या ताटात ठेवल्या.

"आता माझं खा."

"पोट भरलं गं, कुंदा."

"तिच्या दोन तुकड्या खाल्ल्यास. माझी एक खा."

आईनं एक मुडदुशी हातात घेतली. मोडली. बोटांमधे फिरवली, पुन्हा फिरवली. घास तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला. मग नेहमीसारखी ताटाच्या कडेला सारली.

"सरळ सांग ना," मी म्हणाले. माझा आवाज मैदानावरचा झाला होता. "सांग की तुझ्या हातचं मला गिळवत नाही. चार महिने मी वेड्यासारखी मसाले बदलतेय. ही वर्षातून एकदा येते, वीस मिनिटांत काहीतरी शिजवते, आणि तुझ्या तोंडाला लगेच पाणी सुटतं! रोज कोण असतं इथे? ही असते?"

आई ताटाच्या कडेवर बोट फिरवत राहिली.

रेवती खुर्ची ओढून आईच्या शेजारी सरकली. तिनं ती मोडलेली मुडदुशी स्वतःच्या हातात घेतली आणि तिच्यातले काटे काढायला लागली. मधला कणा उचलला, मग कडेचे केसासारखे बारीक काटे एकेक करून. पांढरा मासा आईच्या भातावर ठेवला. आणि आईनं तो मुकाट्यानं उचलून खाल्ला. खाताना ती ताटाकडे बघतच नव्हती. तिचे डोळे समोरच्या भिंतीवर होते आणि हात भातावर चाचपत होता.

"ताई," रेवती हळू आवाजात म्हणाली, "आईला काटे दिसत नाहीत."

"रेवा!" आई केवढ्यांदा ओरडली. "सांगू नकोस म्हटलं होतं ना तुला!"

मी उभीच होते. हातात मुडदुशांची थाळी. पेपर वाचणं का सुटलं, चहात साखर घालताना ती चमचा बोटानं का चाचपते, बाजारात माझा दंड इतका घट्ट का धरते, सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं. पण खरं सांगते, आईला दिसत नाही याचं दुःख मला नंतर झालं. त्याच्याही आधी आला तो मत्सरच.

"हिला सांगितलंस?" मी विचारलं. "हिला सांगितलंस, आणि मी रोज शेजारी बसून जेवते, मला नाही?"

"तिला सांगून काय होतं?" आई म्हणाली. "ती तिकडे सातासमुद्रापार. फोनवर चुकचुक करते, ठेवून देते. तुला सांगितलं असतं तर तू केलं असतंस."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! तू दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरपुढे उभं केलं असतंस. तिसऱ्या दिवशी बाजार बंद. आई, पाय घसरेल. आई, तू बस, मी आणते. तुझी शिट्टी वाजली की आख्खी शाळा उभी राहते, मी कोण? बाजार बंद झाला की मी सकाळी उठायचं कशाला, ते सांग. मासा मला अंगठ्यानं कळतो. ताजा, शिळा, सगळं कळतं. शिजल्यावर नाही कळत. काटाही शिजतो मेला, बोटाला लागत नाही."

"मग निदान मला म्हणायचंस, कुंदा, काटे काढून दे."

आईनं ताटात उरलेली मुडदुशी बोटानं चाचपली. मग म्हणाली, "ज्याला काटे काढता येत नाहीत त्यानं मासे मागू नयेत. मीच म्हटलं होतं ना तुला?"

इतक्या वर्षांपूर्वीचं ते वाक्य तिच्या लक्षात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"रस्सा खाते ना मी तुझा?" ती पुढे म्हणाली. "वाटी चाटून पुसून ठेवते. रश्श्यात काटे नसतात, एवढंच. तुझ्या हाताला कोण नावं ठेवील? मागच्या शुक्रवारी आलं जास्त झालं होतं, तेवढं सोड."

रेवतीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. "तू मलाच बोलतेस, ताई. मला तिनं फोनवर सांगितलं. मी तिकडे चार रात्री तळमळले. इथे सांगू नको म्हणून शपथ. बिनकाट्याचा एक मासा आणण्यापलीकडे मला दुसरं काही करता येत नव्हतं."

मी खाली बसले. सॅमनची एक तुकडी उरली होती, ती माझ्या पानात घेतली. गार झाली होती, वरचा पाक घट्ट झाला होता. आंबट-गोड, थोडा कडसर. चांगला होता. रेवतीला मी तसं म्हटलं नाही, पण तुकडी संपवली, तेवढ्यानं तिला कळलं असावं.

त्याच टेबलावर तह झाला. डॉक्टरकडे जायचं, पण आईच्या सवडीनं. मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशन होईल तेव्हा होईल. बाजार बंद करायचा नाही, त्यावर मी एक शब्द काढायचा नाही. आईनं माझा हात हातात घेऊन ते वदवून घेतलं. पुढे तिचं ऑपरेशन झालं आणि ती पुन्हा माझ्या फोडणीतली मोहरी मोजायला लागली, पण ते नंतरचं.

शुक्रवारी सकाळी रेवती परत गेली. गाडी वळणाआड गेल्यावर आई म्हणाली, "चल, पिशवी घे." पार्वतीपुढे बसून तिनं मुडदुशा अंगठ्यानं दाबल्या, एक वाटा नाकारला, दुसरा घेतला. मी आलं बेतानं घातलं. पानं घेतल्यावर नेहमीप्रमाणे समोर न बसता मी तिच्या शेजारची खुर्ची ओढली, एक मुडदुशी घेतली आणि काटे काढायला लागले.

"दे इकडे," आई म्हणाली.

"अगं, मी काढते ना."

"दे म्हणते ना."

मी तिच्या हातात दिली. तिनं कणा अख्खा उचलला, तो तिला जमला. मग बोटांच्या टोकांनी मासा चुरत, शोधत राहिली. किती वेळ चाललं होतं. कपाळाला आठी, डोळे मिटलेले, काम असं की जणू सुईत दोरा ओवतेय. काहीतरी सापडलं की ते ताटाच्या कडेला पुसायची. शेवटी चुरलेल्या माशाचा ढीग चिमटीत धरून तिनं हात पुढे केला, हवेत माझं ताट शोधलं आणि तो माझ्या भातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली.

मी घास घेतला. आईचा चेहरा माझ्या दिशेला वळलेला होता, पण माझ्या थोडा बाजूला.

"काटा आहे का गं?"

होता. चांगला लांब होता, जिभेला टोचत होता. मी तो दातांशी आणला, आवाज न करता बाहेर काढला आणि ताटाखाली सरकवला.

"नाही," मी म्हटलं. "अजून दे."